सैतान : देवाचा दरबारी ते देवाचा वैरी

बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात सैतान भेटतो तो चक्क देवाच्या दरबारात. देवदूत हजेरीला आले आहेत, त्यांत हाही आहे. ईयोबाच्या सचोटीबद्दल तो शंका काढतो, परीक्षा घ्यायची परवानगी मागतो आणि देवाने आखून दिलेली मर्यादा पाळतो. मूळ हिब्रूत हे त्याचं विशेषनाम नाही, हुद्दा आहे. आरोप ठेवणारा, म्हणजे सरकारी वकीलच म्हणा ना! जखऱ्याच्या पुस्तकातही तो महायाजकावर आरोप करायला उभा असतो.

हा हुद्देदार वैरी कसा झाला, याचा माग दावीद राजाच्या शिरगणतीत लागतो. सेनापती यवाबाचा विरोध डावलून राजाने लढाऊ पुरुषांची मोजदाद केली. शिक्षा म्हणून मरी आली आणि सत्तर हजार माणसं दगावली. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २४) दाविदाला ही बुद्धी देतो तो खुद्द कोपलेला देव. तीच हकीकत पुढे पहिल्या इतिहासात (अध्याय २१) येते, तेव्हा चिथावणारा असतो सैतान. हे पुस्तक ज्यूंच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतरचं, असं अभ्यासक मानतात. वाईटाचं खापर देवावर फोडणं तोवर जड जाऊ लागलं असावं. दोन्हीकडे दावीद मात्र पाप आपलंच असल्याचं कबूल करतो.

लोकांच्या मनातला सैतान असाच तुकड्या-तुकड्यांनी घडला. एदेन बागेतल्या सापाला उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेही सैतान म्हटलेलं नाही. ती सांगड प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात घातलेली दिसते. यशयाच्या चौदाव्या अध्यायात आकाशातून पडलेला पहाटतारा म्हणजे बाबेलचा राजा. लॅटिन बायबलात त्याचा ‘लुसिफर’ झाला आणि चर्चच्या पंडितांनी तो सैतानाला जोडला. बंडखोर देवदूताचं ते चित्र मिल्टनच्या १६६७च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ने घरोघर पोचवलं.

नव्या करारात रंग पालटतो. अरण्यात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतान धोंड्यांच्या भाकरी करायला सुचवतो. शुभवर्तमानांचे लेखक त्याला खराखुरा शत्रू मानतात. पण क्रूसाचा मार्ग टाळायला सांगणाऱ्या पेत्र या आपल्या शिष्यालाही येशू सैतान म्हणून झिडकारतो. तिथे अर्थ उघडच लाक्षणिक आहे.

चर्चच्या १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवलं की सैतान देवानेच निर्माण केला, मुळात चांगला, पण आपल्या करणीने दुष्ट झाला. म्हणजे तो देवाच्या तोडीचा नव्हे. पोप सहावे पॉल यांनी १९७२मध्ये तो केवळ कल्पना नसल्याचं बजावलं. उलट, नव्या करारातल्या मिथकांचा अर्थ आजच्या माणसासाठी नव्याने उलगडावा, असा आग्रह जर्मन अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९४१मध्ये धरला. ख्रिस्ताडेल्फियन पंथाच्या मते तर सैतान म्हणजे माणसातलीच पापवृत्ती.

तेव्हा एका शब्दात निवाडा होणार नाही. ईयोबाच्या गोष्टीत हुद्दा, शुभवर्तमानांत व्यक्ती, हा प्रवास मान्य करावाच लागतो. प्रतीक मानायचं त्याने खुशाल मानावं. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या मत्तय-मार्कांच्या मनातही प्रतीकच होतं, असं मात्र म्हणू नये. आणि व्यक्ती मानणाऱ्याने याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय जरूर वाचावा. माणसाला मोहात ओढते ती ज्याची त्याची वासना, असं तिथे स्पष्ट बजावलं आहे.