सेल कोण बदलणार?

‘सर्वव्यापी संगणन’ हा शब्द ऐकला की एखाद्या कीर्तनाचा विषय असावा असं वाटतं. चराचरात भरून राहिलेलं, डोळ्यांना न दिसणारं, असं काहीतरी. गंमत म्हणजे ज्यांनी ही कल्पना मांडली, त्यांच्या मनातही जवळपास हेच होतं. मार्क वायझर हे त्यांचं नाव. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ते काम करीत. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांचा एक लेख आला आणि पुढच्या पिढीतल्या कित्येक संशोधकांना त्याने कामाला लावलं. वायझर स्वतः १९९९ मध्ये वारले, पन्नाशीही गाठली नव्हती.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की संगणक खऱ्या अर्थाने रुळेल तेव्हा तो दिसेनासा होईल. मी फुलचूरचा, म्हणजे गोंदियाला अगदी खेटून असलेल्या गावचा. त्यामुळे मला हे समजून घ्यायला राइस मिल बरी पडते. जुन्या गिरणीत एकच मोठं इंजिन असे. त्यावर लांब शाफ्ट, शाफ्टवरून प्रत्येक यंत्राला पट्टे. पट्टा सुटला की आरडाओरडा. गिरणीत शिरलेल्या माणसाला आधी इंजिनच दिसे आणि ऐकू येई. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटर आली. आज तुमच्या घरात किती मोटरी आहेत, असं विचारलं तर पटकन सांगता येणार नाही. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप एवढं आठवेल. मोबाइल थरथरतो तोही मोटरीमुळेच, हे आठवणार नाही. संगणकाचंही असंच होईल, हे वायझर यांचं भाकीत.

पण दिसेनाशा झालेल्या संगणकाला आजूबाजूला काय चाललं आहे ते कळणार कसं? आपण त्याच्यासमोर बसून बटणं दाबणार नाही. तेव्हा त्याला स्वतःची ज्ञानेंद्रियं हवीत. त्यातून संशोधनाची एक शाखा निघाली, बिनतारी संवेदकांची जाळी. संवेदक म्हणजे सेन्सर. काड्यापेटीएवढी एक डबी घ्या. तिच्यात तापमान, ओलावा किंवा हादरे मोजणारा सेन्सर, एक छोटा संगणक, एक छोटा रेडिओ आणि दोन सेल. अशा डब्या पाहिजे तिथे टाकायच्या. त्या आपापसांत बोलतात, आणि जमलेली बातमी एका मुख्य ठाण्याला पोचवतात. सन २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक नावाच्या बेटावर अशा ३२ डब्या लावल्या गेल्या. तिथे पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळांत अंडी घालतात. माणूस वारंवार बघायला गेला तर ते बिचकतात. डबी मात्र शेजारी गप्प पडून राहते.

एकदा हे सगळं मी गावातल्या काही शेतकऱ्यांना रंगवून सांगत होतो. एका म्हाताऱ्या काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मास्तर, सगळं खरं, पण त्यातला सेल कोण बदलणार?”

या विषयातला निम्मा शोधाभ्यास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो. हिशेब करून पाहा. अशी डबी जागी असते आणि तिचा रेडिओ चालू असतो, तेव्हा ती साधारण २० मिलिअँपियर वीज खाते. चांगल्या सेलमध्ये सुमारे २००० मिलिअँपियर-तास भरलेले असतात. भागाकार केला तर उत्तर येतं १०० तास, म्हणजे चार दिवस. शंभर एकरांत दोनशे डब्या लावल्या, तर दर चार दिवसांनी दोनशे ठिकाणी सेल बदलत हिंडायचं. त्यापेक्षा शेतातच बसून राहिलेलं बरं. म्हणून डबीला झोपायला शिकवतात. शंभरातला एक क्षण जागं राहायचं, नव्व्याण्णव क्षण झोपायचं. मग तेच सेल वर्षभराहून अधिक पुरतात. पण दोन डब्यांना एकमेकींशी बोलायचं तर दोघी एकाच वेळी जाग्या हव्यात. एक हाक मारते तेव्हा दुसरी घोरत असेल तर काय उपयोग? कोणी कधी जागायचं, हे ठरवण्याच्या युक्त्यांवर जगभर शेकडो निबंध लिहिले गेले आहेत.

दुसरी अडचण अंतराची. लहान रेडिओचा आवाज लहान. मुख्य ठाणं लांब असेल तर डबी शेजारणीला सांगते, शेजारीण पुढचीला. स्लॅब टाकताना बायामाणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात ना, तसंच. फरक एवढाच की इथे रांगेतला प्रत्येक जण आपलंही एक घमेलं त्यात घालतो. त्यामुळे ठाण्याच्या जवळ उभा असलेल्यावर सगळ्यांचा भार येतो आणि तोच आधी दमतो. ठाण्याजवळच्या डब्यांचे सेल आधी संपतात, आणि त्या गेल्या की मागच्या धडधाकट डब्याही मुक्या होतात. शिवाय या डब्या बहुधा ज्या लहरींवर बोलतात, त्या ओल्या पानांना फार घाबरतात. पाणी त्या लहरी शोषून घेतं. उन्हाळ्यात मोकळ्या रानात झकास चाललेलं जाळं पावसाळ्यात पीक वाढल्यावर अडखळू लागतं. आणि शेतकऱ्याला माहिती हवी असते ती नेमकी तेव्हाच.

या झोपेच्या प्रश्नावर मला सगळ्यात आवडलेलं उत्तर आपल्याच देशातलं आहे, आणि गोंदियासारख्या जंक्शनच्या माणसाला ते विशेष भावावं. आयआयटी कानपूरमध्ये भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांच्या गटाने २००८ मध्ये ‘ब्रिमॉन’ नावाची रचना मांडली. पुढे हे दोघेही आयआयटी मुंबईत आले. प्रश्न होता रेल्वेच्या पुलांचा. भारतात असे पूल लाखाहून अधिक आहेत आणि त्यांतले कित्येक फार जुने. पूल बळकट आहे की थकला आहे, हे गाडी जाताना तो कसा थरथरतो त्यावरून कळतं. हादरे मोजणाऱ्या डब्या पुलाला लावता येतात. पण गाडी कधी येणार हे डबीला कसं कळावं? वेळापत्रक पाहून जागं व्हावं, तर आपल्या गाड्यांचं वेळापत्रक तुम्हाला माहीतच आहे. मग गाडी येईपर्यंत सारखं जागं राहायचं का? त्यांची युक्ती अशी, की गाडीवरच एक रेडिओ बसवायचा. तो लांबूनच ‘मी येतेय’ म्हणत राहतो. पुलाच्या डब्या थोड्या थोड्या वेळाने एक डोळा उघडून कानोसा घेतात. हाक ऐकू आली की सगळ्या खडबडून जाग्या होतात, गाडी पुलावरून जाताना हादरे टिपतात आणि पुन्हा झोपतात. टिपलेली माहिती पुलावरून जाणाऱ्या गाडीच्याच हाती देतात. पुलापाशी वीज नको, तार नको, ठाणं नको. जिच्या भाराने पूल थरथरतो, तिनेच त्याची प्रकृती कळवायची.

शेतीत या जाळ्यांचे प्रयोग झाले ते नाशिकला. आयआयटी मुंबईचे प्रा. उदय देसाई आणि प्रा. मर्चंट यांच्या गटाने सुला कंपनीच्या द्राक्षबागेत सेन्सर लावले. हवा, मातीतला ओलावा, पानांवरचं दव यांची नोंद मोबाइलच्या जाळ्यावरून मुंबईपर्यंत जाई. द्राक्षाला हे परवडतं, कारण डाऊनी आणि भुरीच्या भीतीने बागायतदार आधीच फवारणीवर भरमसाट खर्च करतो. पान किती वेळ ओलं राहिलं हे नेमकं कळलं, तर एखादी फवारणी वाचू शकते. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या चेन्नकेशवपुरा या कोरडवाहू गावात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांबरोबर असाच एक प्रकल्प हाती घेतला होता. तिथे त्यांनी शेतकऱ्यांना कोणती माहिती हवी आहे, हे विचारण्यापासून सुरुवात केली. मला हा क्रम योग्य वाटतो.

आमच्या धानाचं काय? इथे माझं मत जरा वेगळं आहे. उन्हाळी धानाला पंपाने पाणी देताना बांधी सतत भरलेलीच हवी असं नाही. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एक पद्धत पुढे आणली. फूटभर लांबीचा, भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप बांधीत उभा रोवायचा आणि त्याच्या आतली माती काढून टाकायची. आत डोकावलं की जमिनीखालचं पाणी दिसतं. ते १५ सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा पाणी द्यायचं. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र बांधी भरलेली ठेवायची. पाणी वाचतं, वीज वाचते. या सेन्सरला सेल लागत नाही आणि त्याचे सुटे भाग हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. जिथे शेतकरी रोज धुऱ्यावरून फिरतोच, तिथे डोळ्याला पाइप पुरतो. जिथे माणूस रोज पोचू शकत नाही, किंवा पोचेपर्यंत उशीर होतो, तिथेच जाळ्याची खरी गरज.

जंगल ही तशी जागा. २०१९ मध्ये टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात कॉलर बसवली होती. तो विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाचा काही भाग पालथा घालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर! कॉलर नसती तर या पायपिटीवर कोणी विश्वास ठेवला नसता. आणि दुसरं उदाहरण आमच्या नागझिऱ्यात जन्मलेल्या जयचं. हा देखणा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि त्याला बघायला लोकांची रीघ लागली. त्याच्याही गळ्यात कॉलर होती. एप्रिल २०१६ नंतर ती गप्प झाली. शोध झाले, चर्चा झाल्या. जय सापडला नाही.

कॉलर गप्प झाली म्हणजे नक्की काय झालं? वाघ मेला, कॉलर बिघडली, बॅटरी संपली, की कोणी ती तोडली? बाहेरून या चारही गोष्टी एकसारख्याच दिसतात. शांतता ही बातमी नव्हे, हे अशा जाळ्यांतलं अवघड दुखणं आहे. म्हणून चांगल्या रचनेत डबी काही घडलं नसलं तरी ठरल्या वेळी ‘मी आहे’ एवढं सांगते. पण त्या सांगण्यालाही सेल खर्ची पडतो, आणि ‘मी आहे’ आलं नाही तर कोणी तरी उठून बघायला जावंच लागतं.

आता शेवटचं जाळं, जे आपल्या डोक्यावरच आहे. पावसाळ्यात मीडियम वेव्हवर रेडिओ ऐकताना वीज चमकली की त्याच क्षणी ‘खर्र’ असा आवाज होतो. वीज ही स्वतःच एक मोठी रेडिओ लहर सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने आधी महाराष्ट्रात आणि मग देशभर असे सेन्सर बसवले, जे हा ‘खर्र’ टिपतात. त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. प्रत्येकाचं घड्याळ उपग्रहाशी जुळवलेलं. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तेव्हा कोणत्या ठाण्याला ती किती आधी पोचली, यावरून वीज कुठे पडली हे काढता येतं. एकामागून एक पडणाऱ्या विजांच्या खुणा नकाशावर मांडल्या की ढग कुठे सरकतो आहे ते दिसतं. ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप याच माहितीवर चालतं. आपल्या आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये विजा असतील तर ते सावध करतं.

इथवर विज्ञानाने आपलं काम चोख केलं. पण रोवणीच्या दिवसांत आमच्या बांधीचं चित्र काय असतं? पंधरा-वीस बाया ओळीने वाकलेल्या, घोट्यापर्यंत चिखल, डोक्यावर पावसाचं मेणकापड. मोबाइल कुठे? डब्याच्या पिशवीत, धुऱ्यावर, मोहाच्या झाडाखाली. पुण्याहून क्षणात आलेली सूचना शेवटच्या पन्नास पावलांवर अडते. आणि पाऊस वाढला की सगळ्या जणी त्याच झाडाखाली जमतात, जिथे विजेचा धोका सर्वाधिक.

रोवणीच्या वेळी पऱ्ह्याच्या पेंड्या आणून टाकणारा एक माणूस असतो. तो वाकलेला नसतो आणि धुऱ्यावर येत-जात असतो. मोबाइल त्याच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत असावा, आवाज मोठा केलेला. आणि हाक मारायचं काम त्याचं. काम सुरू करण्याआधीच जवळचं पक्कं घर कोणतं आणि तिथे पोचायला किती मिनिटं लागतात, हे ठरवून ठेवावं. टिनाची झोपडी किंवा मचाण चालत नाही. पत्र्याचं बंद छत असलेली गाडी चालते. मोबाइल नसेल किंवा रेंज नसेल, तर वीज दिसल्यापासून आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. हातातली पेंडी तिथेच टाकून निघा. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बांधीत परत उतरू नका.