फोटोत माशी शिंकते कुठे?

२०२४ चा जुलै महिना. गुजरातमध्ये चांदीपुरा तापाने लहान मुलं दगावल्याच्या बातम्या रोज येत होत्या आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर एक फोटो पडला. बाथरूमची पांढरी टाईल, तिच्यावर करड्या रंगाचा एक ठिपका आणि खाली ओळ : "सावधान! सँडफ्लाय सापडली आहे. बाथरूम वापरू नका." झालं! अर्ध्या विंगने दोन दिवस आंघोळीला सुट्टी दिली (काहींना तेवढंच निमित्त हवं होतं), रेक्टर सरांनी फिनाईलचा अख्खा कॅन रिकामा करवला आणि ज्याने त्याने मोबाईल काढून दिसेल त्या किड्याचे फोटो टाकायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर १९ फोटो होते. कॅप्शन सगळ्यांना एकच : सँडफ्लाय.

मी मेकॅनिकलचा. आपला किड्यांशी संबंध म्हणजे मेसच्या भातापुरता. पण शाळेपासून किडे बघायची खोड आहे, म्हणून पीएल असूनही ते १९ फोटो एकेक करून मोठे करत बसलो. हिशेब निघाला तो असा : आठ फोटो एकाच जातीच्या करड्या माशीचे, तीन पंख फुटलेल्या वाळवीचे, दोन त्या लांब पायांच्या "राक्षसी डासा"चे, एक पिवळ्या पट्ट्यांची माशी, एक डास, आणि चार फोटोंत काय आहे ते प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सँडफ्लाय? शून्य.

आता हे ओळखलं कसं, ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे रंग बघायचाच नाही. आपण सगळे तिथेच फसतो. ट्यूबलाईटखाली करडा दिसणारा किडा फ्लॅश मारला की तपकिरी होतो, आणि हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या माशीचा रंग तर फोटोच्या अँगलप्रमाणे बदलतो. आधी मोजायचे ते पंख.

माशी, डास, चिलट ही सगळी मंडळी एकाच गणातली, डिप्टेरा. म्हणजे दोन पंखांचे. मधमाशी, गांधीलमाशी, पतंग, वाळवी ह्यांना पंख चार. जगात डिप्टेराच्या दीड लाखाहून जास्त जातींची नोंद झालेली आहे, पण मागच्या पंखांच्या जागी काय असतं ते जवळपास सगळ्यांत सारखंच : टाचणीच्या डोक्यासारखी गाठ असलेली दोन बारीक दांडकी. त्यांना म्हणतात हाल्टीअर. लांब पायांच्या त्या "राक्षसी डासा"च्या फोटोत ती इतकी स्वच्छ दिसत होती की मी फोटो पार्टनरला झोपेतून उठवून दाखवला. (त्याने जे उत्तर दिलं ते मासिकात छापता येणार नाही.) हा राक्षस म्हणजे क्रेन फ्लाय. तो कोणालाही चावत नाही, चावायचं अवजारच त्याच्याकडे नाही.

हाल्टीअरचं काम काय, ते इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी वाचायलाच हवं. माशी उडताना ही दांडकी पंखांच्याच फ्रिक्वेन्सीने, पण उलट्या दिशेने कंप पावत असतात. माशीने वळण घेतलं की कंप पावणाऱ्या गाठीवर कोरिओलिस फोर्स लागतो, दांडक्याच्या बुडाशी असलेल्या संवेदी पेशींना तो ताण कळतो आणि माशी तोल सावरते. प्रिंगल नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४८ साली हे जायरोस्कोपचं गणित मांडलं. आज आपल्या मोबाईलमध्ये जो जायरो असतो तो फिरणाऱ्या चाकाचा नसतो, कंप पावणाऱ्या सूक्ष्म वस्तुमानाचा असतो. तत्त्व तेच! म्हणजे ज्या मोबाईलने आपण माशीचा फोटो काढतो, त्याच्या पोटात एक माशी आधीच बसलेली आहे.

पण पंख मोजणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि फोटोत पहिली माशी शिंकते ती इथे. मधमाशीचा मागचा पंख बारीक आकड्यांनी पुढच्या पंखाला अडकवलेला असतो, त्यामुळे फोटोत चारचे दोन दिसतात. उलट टाईलवर फ्लॅश मारला की सावली पडते आणि दोनाचे चार दिसतात. उडत्या किड्याचा फोटो असेल तर विषयच सोडा. घरमाशी सेकंदाला साधारण २०० वेळा पंख मारते. शटर स्पीड एकशेविसांश असेल तर एका फोटोत पंखांचे दीड फेरे उरकतात आणि दिसतो नुसता धूर. अशा वेळी पंख सोडून तोंडाकडे बघायचं. मधमाशी-गांधीलमाशीच्या अँटेना लांब आणि कोपरात वाकवल्यासारख्या. माशीच्या आखूड, डोळ्यांच्या मधे चिकटवल्यासारख्या, त्यातून एक केस बाहेर आलेला. आणि माशीचे डोळे म्हणजे जवळपास अख्खं डोकंच!

पिवळ्या पट्ट्यांच्या त्या माशीला खिडकीत कोणीतरी चपलेने मारून मग फोटो काढला होता. ती होती हॉवर फ्लाय. गांधीलमाशीचं सोंग घेते, पण नांगी नाही, विष नाही. तिच्या कित्येक जातींच्या अळ्या पिकावरचा मावा फस्त करतात. मेलेल्या अवस्थेतही तिचे मोठे डोळे आणि आखूड अँटेना फोटोत ओळखू येत होत्या. मारणाऱ्याला मी सांगितलं तर तो म्हणाला, "पट्टे होते ना पण!" ती बिचारी पट्टे मिरवते ते दुसऱ्यांनी घाबरून लांब राहावं म्हणून, आणि आपण घाबरून चप्पल काढतो. वाळवीचे तीन फोटो तर सरळच होते : चार सारख्या लांबीचे पंख, आणि एका फोटोत तर नुसते गळून पडलेले पंखच.

आता त्या आठ करड्या ठिपक्यांकडे येऊ. हे होते ड्रेन फ्लाय, म्हणजे मोरीतली माशी. अंगभर आणि पंखांवर केस, वरून बघितलं तर बदामाच्या पत्त्यासारखा आकार, पंखांच्या कडेने पांढरे बारीक ठिपके. पंख रुंद, आणि बसताना टाईलवर पसरून किंवा छपरासारखे उतरते ठेवलेले. सँडफ्लाय, आपली वाळूमाशी, ह्याहून लहान, दोन-तीन मिलिमीटरची. पंख अरुंद, टोकदार, आणि बसल्यावरही इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले. पाय लांब आणि काटकुळे, पाठीला कुबड. एकदा हा व्ही बघितला की परत चुकत नाही. आणि वाळूमाशीची पैदास पाण्यात होत नाही. ओलसर माती, मातीच्या भिंतींच्या भेगा, शेणाकचऱ्याच्या जागा, तिथे तिच्या अळ्या वाढतात. टाईल्सच्या बाथरूममधला ठिपका बघून आधी वाळूमाशी आठवायचं कारण नव्हतं.

तरीही ज्याने पहिला फोटो टाकला त्याची मी फार टिंगल करणार नाही. कारण ह्या दोन्ही माश्या एकाच कुळातल्या, सायकोडिडी. (नाव ऐकून वाटतं तसं काही नाही. ग्रीकमध्ये सायकी म्हणजे आत्मा, आणि फुलपाखरूसुद्धा.) फोटो इतका अस्पष्ट होता की "केसाळ, लहान, दोन पंख" एवढंच दिसत होतं, आणि एवढं दोघींनाही लागू पडतं. भीतीही उगाच नव्हती. चांदीपुरा हे गाव आपल्याच नागपूरजवळचं. १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने हा विषाणू वेगळा काढला. पुढे २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्याने लहान मुलांचे बळी घेतले. चूक होती ती एवढीच की फोटोत जेवढं दिसतं त्याच्या पुढचं नाव दिलं गेलं.

ओळखण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे : कुठे थांबायचं ते कळणं. गण, कुळ, प्रजाती, जात अशी उतरण आहे आणि साध्या फोटोवरून आपण बहुतेक वेळा कुळाच्या पायरीवर अडकतो. पुढे जायचं तर पंखांतल्या शिरा बघाव्या लागतात, त्या म्हणजे माशीची नंबर प्लेट. घरमाशीच्या पंखात चौथी लांब शीर टोकाजवळ कोपरासारखी वर वाकते. हे दिसायला फोटो धारदार लागतो, आणि ग्रुपवर टाकताना फोटो दाबून छोटा झाला की पहिल्यांदा पुसल्या जातात त्या ह्याच शिरा. म्हणून मूळ फाईल पाठवावी. नाव सांगणारी ॲप्स मदत करतात, मीही वापरतो, पण त्यांनाही पुसलेली शीर दिसत नाही. आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांसारखं आहे त्यांचं, व्हायव्हात काहीच येत नसलं तरी उत्तर ठोकून देतात.

ह्यावर मोठमोठ्या लोकांचीही भांडणं झाली आहेत. मलेशियाच्या जंगलात गुएक हॉक पिंग ह्यांनी एका जाळीदार हिरव्या पंखांच्या किड्याचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. तो शॉन विंटरटन ह्या कीटकतज्ज्ञाच्या नजरेला पडला. ही जात नवी आहे असा त्यांना संशय आला, पण किडा पुन्हा सापडून हातात येईपर्यंत ते थांबले. २०१२ साली तिला नाव मिळालं. ह्याच्या उलट २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीची नवी जात मार्शल आणि एव्हनहाइस ह्या दोघा शास्त्रज्ञांनी केवळ फोटोंवरून जाहीर केली. ही माशी भुंग्याचं सोंग घेणारी. हातात एकही नमुना नाही! पुढच्या वर्षी चारशेहून अधिक शास्त्रज्ञांनी सह्या करून असल्या पद्धतीला विरोध केला. मला विचाराल तर मी विंटरटनच्या बाजूचा. फोटोने सुरुवात व्हावी, निकाल नमुन्यावर लागावा.

तर फोटो काढायचा कसा? ईडीचा पेपर आठवा. एका व्ह्यूवरून जॉब कधी कळतो का? टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू, फ्रंट व्ह्यू, तिन्ही लागतात. वरून पंख आणि पाठीवरच्या रेषा, समोरून डोळे आणि अँटेना, बाजूने सोंड आणि बसण्याची ढब. "मला घरमाशी चावली" असं कोणी म्हणालं तर बाजूचा फोटो मागा. घरमाशीची सोंड स्पंजासारखी असते, ती चावू शकत नाही. तिच्यासारखीच दिसणारी, पण सोंड भाल्यासारखी पुढे आलेली एक माशी असते, तिला स्टेबल फ्लाय म्हणतात, आणि घोट्याला चावते ती हीच. शेजारी स्टीलची पट्टी किंवा ग्राफ पेपरचा तुकडा ठेवावा, कारण स्केल नसलेल्या फोटोत दोन मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर सारखेच दिसतात. फ्लॅश बंद, खिडकीचा तिरका उजेड. डिजिटल झूम करू नये, जवळ जावं. किडा ऐकत नसेल तर ग्लासखाली झाकून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवला की सुस्तावतो. मेसच्या फ्रीजमध्ये हा प्रयोग मी एकदाच केला. मेसवाल्या काकांनी दुसऱ्यांदा करू दिला नाही.

हे सगळं मी तेव्हा ग्रुपवर लिहिलं. ड्रेन फ्लाय चावत नाही, रोग पसरवत नाही, फिनाईल ओतून जात नाही. तिच्या अळ्या पाईपच्या आत जो बुळबुळीत थर असतो त्यात राहतात, तो ब्रशने खरवडून वर कढत पाणी ओता, असंही लिहिलं. रात्री जाळीवर चिकटपट्टी उलटी लावून कोणत्या मोरीतून माश्या येतात ते शोधलं, मामांनी त्या मोऱ्या घासल्या आणि दोन-तीन आठवड्यांत माश्या दिसेनाशा झाल्या. माझी कॉलर ताठ.

पण त्या आधीच, फोटोंनंतर दहा-बारा दिवसांनी, आमच्याच विंगमधली दोन मुलं डेंग्यूने ॲडमिट झाली. तेव्हा मला चौदावा फोटो आठवला. तोच तो "एक डास". पाणीकपात होती म्हणून पॅसेजमध्ये भरून ठेवलेल्या निळ्या ड्रमच्या कडेवर बसलेला. मी त्याच्यापुढे "सँडफ्लाय नव्हे" एवढं लिहून पुढे गेलो होतो. आता मोठा करून बघितला. पायांवर पांढरे पट्टे, पण ते दोन जातींना असतात. पाठीवर एकच सरळ पांढरी रेघ असेल तर एडीस अल्बोपिक्टस. इथे दोन्ही बाजूंना कंसासारख्या वाकलेल्या पांढऱ्या रेघा होत्या आणि मधे दोन बारीक समांतर. एडीस इजिप्ती. १९ फोटोंतला सगळ्यात स्पष्ट फोटो, टॉप व्ह्यू, दिवसाच्या उजेडात काढलेला.

त्याच डासाने त्या दोघांना चावलं असं मी म्हणणार नाही. डासाच्या पोटात विषाणू आहे की नाही हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. पण ड्रममध्ये टॉर्च मारला तेव्हा अळ्या वळवळत होत्या, आणि फोटो पडला त्या दिवशीही बहुधा असणार. दोघं बरे होऊन परत आले, एकाची एक टर्म टेस्ट बुडाली.

आता दर शनिवारी आमच्याकडे कोरडा दिवस असतो. ड्रम नुसता ओतून भागत नाही. एडीसची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडून महिनोन् महिने टिकतात, म्हणून आतून काथ्याने घासावा लागतो. ड्युटीचा तक्ता जिन्याजवळ लावलाय. ह्या शनिवारी माझं नाव आहे.