घरच्या जिममध्ये उणीव असते ती ओढण्याची

छत्रपती संभाजीनगरात पहाटे विद्यापीठाचा परिसर आणि गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल चालणाऱ्यांनी फुललेलं असतं. तरीही याच शहरात घरी व्यायामाची सोय करायची ठरली की पहिलं नाव निघतं ते ट्रेडमिलचं. घरची जिम म्हणजे आधी ट्रेडमिल, हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना दोन गोष्टी सांगतात: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पहिली गोष्ट रस्त्यावर, मैदानात, जिन्यात होते. दुसरी चालून होत नाही, मग ते चालणं बागेतलं असो की पट्ट्यावरचं. इथला उन्हाळा चाळिशीपलीकडे जातो, वाळूजहून रात्रपाळी करून परतणाऱ्याला पहाट मोकळी मिळत नाही, अनेक बायकांना अंधारात एकटीने बाहेर पडणं नको वाटतं. हे आक्षेप खरे आहेत. पण त्यांवर दोरीच्या उड्या, जिन्याची चढउतार किंवा घरातल्या घरात जागच्या जागी चालणं हा उपाय आहेच. खडबडीत रस्त्यावर पडण्याची धास्ती असलेल्या ज्येष्ठांसाठी ट्रेडमिल घेतली तर ते समजू शकतं. फक्त ती आणली म्हणजे ताकदीचंही काम झालं, असं मानू नये.

ताकदीच्या व्यायामाला काय लागतं हे यंत्रांच्या यादीवरून ठरत नाही, शरीराच्या हालचालींवरून ठरतं. ढकलणं, ओढणं, बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं आणि ओझं घेऊन चालणं, एवढ्यात जवळपास सगळे मोठे स्नायू कामाला लागतात. यातलं ढकलणं आणि बसून उठणं तालमीने पिढ्यान् पिढ्या विनासाधन शिकवलं आहे: जोर आणि बैठका. अंगाच्या वजनावरचा व्यायाम म्हणजे हलकं काम, असं अनेकांना वाटतं. मोजमाप मात्र वेगळं सांगतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साध्या पुश-अपच्या वेळी हातांवर येणारा भार मोजला गेला. वरच्या स्थितीत तो शरीराच्या वजनाच्या 69 टक्के, खालच्या स्थितीत 75 टक्के भरला. गुडघे टेकले तर 54 आणि 62 टक्के. म्हणजे 60 किलोचा माणूस गुडघे टेकूनसुद्धा हातांवर बत्तीस ते सदतीस किलो तोलतो. नवशिक्याला हे पुरेसं आहे. उचलायला आणि वाहायला पाणी आहे. काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येणाऱ्या या शहरात भरलेले कॅन घरोघरी असतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं कमी-जास्त करता येतं. दोन्ही हातांत दहा-दहा लिटरचे कॅन घेऊन गच्चीवर ताठ चालण्याने पकड, खांदे, पोट आणि पाय एकदमच कामाला लागतात. उरतं ते ओढणं. पाठ आणि दंडाच्या पुढच्या स्नायूंचं हे काम. तालमीत मल्लखांब आणि दोर ते करून घेतात. फ्लॅटमध्ये, सिडकोच्या रो-हाऊसमध्ये या दोहोंपैकी काहीच नसतं. म्हणून नवशिक्याने पहिला पैसा ओढण्याच्या साधनावर घालावा, असं माझं ठाम मत आहे.

कॅनच ओढला तर चालणार नाही का? पलंगाच्या कडेवर एक हात टेकून, वाकून, दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढता येतो आणि सुरुवातीला तो ओढावाही. पण दहा-बारा किलोच्या पुढे त्याचा बारीक दांडा बोटांत रुततो, फुगीर पोट मांडीला घासतं, आणि पाठ दमण्याआधी हातच थकतो. तिथे प्लेट बदलता येणाऱ्या डंबेलची जोडी लागते. सोबत एक-दोन रबरी रेझिस्टन्स बँड घ्यावेत. बँड म्हणजे खेळणं, हाही गैरसमजच. 2019 साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा बँड वापरणाऱ्यांची ताकद वजनं आणि यंत्रं वापरणाऱ्यांइतकीच वाढल्याचं दिसलं. खिडकीच्या भक्कम गजाला तो अडकवायचा असेल तर गजाला धारदार कड नाही ना, हे बोट फिरवून पाहावं. रबर तिथेच चिरतं आणि तुटलेला बँड थेट तोंडावर येतो. पुल-अपचा बार घेणाऱ्याने आधी दाराची चौकट पाहावी. नव्या इमारतींत ती अनेकदा गुळगुळीत ग्रॅनाइटची असते, आणि दोन्ही बाजूंना दाबून बसवायचा बार तिच्यावरून घसरू शकतो. भिंतीत बसवायचा असेल तर काँक्रीटच्या बीममध्ये अँकर बोल्टने बसवावा. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची आडभिंत लटकत्या माणसाचा भार पेलेलच असं नाही.

‘घरी भारी वजनं नसतील तर काही उपयोग नाही’ हे वाक्य नवशिक्याला सर्वांत जास्त नाउमेद करतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात नवख्या तरुणांकडून दहा आठवडे मांडीचा व्यायाम करून घेण्यात आला. जास्तीत जास्त पेलेल त्याच्या 30 टक्के वजन आणि 80 टक्के वजन, दोन्ही थकेपर्यंत. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत स्नायूंची वाढ जवळपास सारखी निघाली. एकदाच जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद मात्र 80 टक्केवाल्या गटात अधिक वाढली, हेही सांगायला हवं. स्पर्धेत उतरायचं असेल तर भारी वजनाला पर्याय नाही. ज्याला गॅसची टाकी जिन्याने वर न्यायची आहे, साठीतही जमिनीवरून हात न टेकता उठायचं आहे, त्याला हलकं वजनही चालतं, अट एवढीच की शेवटची दोन-तीन आवर्तनं खरोखर जड जायला हवीत.

म्हणूनच ऑनलाइन मिळणाऱ्या ‘20 किलो कॉम्बो’कडे नीट पाहून घ्यावं. त्यातल्या स्वस्त प्लेट बहुधा प्लास्टिकच्या कवचात सिमेंट किंवा वाळू भरलेल्या असतात. त्या जाड असतात, त्यामुळे छोट्या दांड्यावर तीन-चार चढवल्या की जागा संपते. लोखंडी प्लेट थोड्या महाग पडतात, पण पातळ असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. प्लेट निदान एक, दीड, अडीच किलो अशा लहान टप्प्यांत असाव्यात. पाचवरून थेट दहावर उडी मारावी लागली की नवखा माणूस अडकतो किंवा खांदा दुखावून घेतो. दांड्याचं नट फिरवून पाहावं, आटे स्वच्छ आहेत का आणि नटाच्या आत रबरी रिंग आहे का, हे तपासावं. ती नसेल तर चार-पाच आवर्तनांत नट सैल होतं. छापलेल्या वजनावर विसंबू नये. ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर प्लेट ठेवून पाहायला संकोच कसला?

पोटाला घाम आणणारे पट्टे घेऊच नयेत. घाम म्हणजे पाणी, ते पेलाभर पाणी प्यायल्यावर परत येतं. फक्त पोटाचे व्यायाम करूनही पोटाची चरबी वेगळी उतरत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या सहा आठवड्यांच्या एका चाचणीत तसा काहीच फरक आढळला नव्हता.

डंबेल घरात आले तरी ते मुलाच्या खोलीत राहतात, कारण वजनं उचलली की बाईमाणूस आडदांड दिसेल अशी समजूत अजून पक्की आहे. स्नायू फुगवणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा अनेक पटींनी कमी असतं, तेव्हा आठवड्यातून दोनदा पाच किलो उचलून तसं होत नाही. हाडांची झीज रजोनिवृत्तीनंतर वेगाने होते, आणि हाडांना ताण देणारा व्यायाम तिथेच उपयोगी पडतो. खरं तर त्या घरातल्या आईला डंबेलची गरज मुलापेक्षा जास्त आहे. पासष्टीच्या पुढच्यांना तर आरोग्य संघटना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सुचवते. प्रशिक्षकाशिवाय इजा होईल, हा आक्षेप भारी बारबेलला लागू पडतो, आणि म्हणूनच बारबेल व बाक पहिल्या खरेदीत नकोत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. जोर लावताना श्वास कोंडू नये, सोडावा. कोंडला की रक्तदाब एकदम चढतो.

राहिला स्लॅबचा प्रश्न. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानक चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून रचना करायला सांगतं. दहा बाय दहाच्या खोलीत एका माणसाचं वजन आणि चाळीस किलोचे डंबेल हा त्यापुढे किरकोळ भार आहे. वजन हातातून सुटलं तर आधी फुटते ती फरशी, आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. तेवढ्यासाठी जाड रबरी मॅट अंथरावी, योगाची पातळ नव्हे.