उन्हाळ्यात कॉम्प्युटर का रखडतो?

मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारी घरचा कॉम्प्युटर रखडायला लागतो. लोक लगेच व्हायरसला दोष देतात. पण प्रोसेसर फार तापला, की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. सकाळी नीट आणि दुपारी संथ चालत असेल, तर आधी उष्णतेकडेच पाहा. वायर काढून कॅबिनेट उघडा. प्रोसेसरच्या पंख्याखाली, पत्र्याच्या पात्यांमध्ये धुळीचा थर साचलेला दिसेल. पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने तो थर काढा. कूलरच्या थेट झोतात मात्र कॉम्प्युटर ठेवू नका. त्या दमट हवेने आतले भाग गंजतात.

सकाळीही रखडत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. कोणता प्रोग्राम मेमरी खातोय ते दिसतं. व्हायरसचा संशय आला तर विंडोजच्याच डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ध्यानात असू द्या.

‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ अशी स्क्रीनवर येणारी सूचना खोटीच असते. त्यात पैसे गेलेच, तर लाजू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.