मोठ्या रायफलीत छोटे काडतूस : कारागिरांनी सावध राहावे

एन.सी.सी.त गेलेल्या मुलांना ‘पॉइंट टू-टू’ रायफल ठाऊक असते. ब्रिटिश काळात सैनिकांना स्वस्तात सराव मिळावा म्हणून .३०३ ली-एनफिल्ड रायफली .२२ मध्ये बदलल्या गेल्या.

.३०३ काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यभागी असते. .२२ मध्ये पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. म्हणून सुई कडेवर आदळावी असा बोल्ट लागतो आणि ७.७ मि.मी.च्या नळीत ५.६ मि.मी.ची नळी बसवावी लागते. हत्यार हाताला तेच, पण धक्का कमी आणि गोळी स्वस्त.

हे काम लेथवर सोपे वाटते. धोका तिथेच आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार धंदा म्हणून बंदुकीची साधी दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना रूपांतराला किमान ७ वर्षे कैद, कमाल जन्मठेप आहे.

गिऱ्हाईक आपला परवाना दाखवील. तो हत्यार बाळगण्याचा आहे, तुम्ही ते बदलण्याचा नव्हे. मजुरी कितीही मिळो, नागपूरच्या कारागीर बांधवांनी असे काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे पाठवावे.