त्वचास्नेहके, वनस्पतिज
त्वचास्नेहके, वनस्पतिज : कोरड्या किंवा दाहयुक्त त्वचेतील ओलावा टिकवून तिला मऊपणा आणणारी, वनस्पतींपासून मिळणारी तेले, मेद व बुळबुळीत द्रव्ये. त्वचेच्या सर्वांत बाहेरील शृंगस्तरात मृत कोशिकांच्या दरम्यान सेरामाइडे, कोलेस्टेरॉल व वसाम्ले यांचे थर असतात. हे थर विरळ झाले म्हणजे त्वचेतील पाणी उडून जाते, क्षोभकारक पदार्थ आत शिरतात आणि खाज, लाली व भेगा उद्‌भवतात. तेले मुख्यतः बाष्पीभवन रोखतात. ती स्वतः पाणी पुरवीत नाहीत. म्हणून स्नानानंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच ती लावणे हितावह असते.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत मोहाचे तेल परिचित आहे. मोह (लॅ. मधुका लाँगिफोलिया, कुल-सॅपोटेसी) हा वृक्ष डहाणूत मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या चिकूच्याच कुलातील आहे. फळे पावसाळ्याच्या सुमारास पिकतात. बिया (मोहट्या) वाळवून व फोडून मगज घाण्यात घालतात, त्यात सु. ५०% तेल असते. वारली व इतर आदिवासी कुटुंबे हे तेल खाण्यासाठी व अंगाला लावण्यासाठी वापरीत आली आहेत. त्यात स्टिअरिक व पामिटिक या संतृप्त अम्लांचे प्रमाण बरेच असल्याने ते थंडीत थिजते व टाचांच्या भेगांवर टिकून राहते. पेंडेत मात्र विषारी सॅपोनिने असतात. त्यामुळे तेल नीट गाळून घ्यावे लागते.

वनस्पतिज तेवढे सौम्य, हा समज बरोबर नाही. सूर्यफुलाच्या सर्वसाधारण तेलात लिनोलीइक अम्ल विपुल असून ते शृंगस्तरास पोषक ठरते. ढाक्का येथे अकाली जन्मलेल्या अर्भकांना हे तेल चोळल्यास जंतुसंसर्ग कमी होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. खोबरेल तेलही कोरड्या इसबात उपयुक्त ठरले आहे. याउलट ऑलिव्ह तेलातील विपुल ओलेइक अम्ल शृंगस्तर सैल करते. मोहाच्या तेलातही हे अम्ल बरेच असल्याने अर्भकाच्या सुजलेल्या त्वचेवर ते न वापरणे बरे. मोहरीचे तेल क्षोभकारक असते. कोरफडीचा स्वच्छ गर थंडावा देतो, परंतु सालीलगतचा पिवळा चीक त्वचेला झोंबतो.

भातलावणीच्या चिखलात किंवा वाढवणसारख्या किनाऱ्यावरील गावांत मासेमारीच्या कामात पाय दीर्घकाळ ओले राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तेथे तेल लावल्यास ओल कोंडून विकार बळावतो. बेचके धुऊन कोरडे ठेवणे हाच उपाय होय. हिवाळ्यात त्याच पायांना भेगा पडल्यावर तेल गुणकारी ठरते. पाणी सुटणारा वा पू झालेला दाह, रात्री वाढणारी व घरातील अनेकांना होणारी खाज (खरूज) आणि बधिर चट्टा यांवर केवळ तेल लावीत राहू नये. बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते व वेळीच औषधोपचार केल्यास हा रोग पूर्ण बरा होतो.