झिजलेले आटे आणि खिशातली बॅटरी

गेल्या पावसाळ्यात चेंबूरमधील माझ्या दवाखान्यात बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ लंगडत आले. मांडीवर तळहाताएवढे भाजलेले, त्यावर टूथपेस्टचा जाड थर. ‘चहा सांडला’ असे त्यांनी सांगितले. सोबतच्या काकूंनी मात्र काही न बोलता पिशवीतून खिसा जळालेली पँट आणि एक काळवंडलेली नळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. ती ई-सिगारेट होती.

काकांचे आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून गेले. हृदयात स्टेंट बसल्यानंतर सिगारेट सुटावी म्हणून परदेशातील पुतण्याने ते यंत्र आणून दिले होते. वर्षभरात त्याच्या जोडाचे आटे झिजले. काकांनी मग आपली जुनी विद्या वापरली. नळाच्या जोडाला गुंडाळतात तशी टेफ्लॉन टेप गुंडाळली. जोड घट्ट बसला, पण यंत्र चालेना. तेव्हा टेप काढून पोळ्या गुंडाळण्याच्या फॉइलची पट्टी लावली. यंत्र सुरू झाले, आणि तिसऱ्या दिवशी खिशातच पेटले.

काकांचा हात चुकला नव्हता. या जोडाचा स्वभाव त्यांना ठाऊक नव्हता. अशा यंत्रात खाली लिथियम-आयन बॅटरी आणि वर द्रव तापवणारी तार असते. दोहोंना सांधणारा जोड बहुधा 7 मिलिमीटर व्यासाचा, आणि त्याच्या दोन आट्यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे अंतर. मधोमध असलेली खुंटी हे धन टोक, भोवतालचे आटे हे ऋण टोक आणि त्यांच्यामध्ये वीज रोखणारी एक बारीक चकती. पाण्याच्या नळाचे आटे केवळ पकड देतात. येथे आट्यांतूनच वीज वाहते. टेफ्लॉनने ती अडवली म्हणून यंत्र बंद पडले. फॉइलचा तुकडा सरकून खुंटीला टेकला, की दोन्ही टोके थेट जोडली जाऊन शॉर्ट सर्किट होते. झिजलेला जोड जोराने पिळला तरी चकती दबून तोच धोका उद्भवतो. बॅटरी आतून एकदा पेटू लागली, की तिची उष्णता तिलाच आणखी पेटवीत जाते. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे 24 वर्षांच्या तरुणाच्या तोंडाशी असे यंत्र फुटले आणि मानेची रक्तवाहिनी तुटून तो दगावला.

तेव्हा झिजलेला जोड दुरुस्त करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. नवा भाग शोधणेही नको. सप्टेंबर 2019 मधील वटहुकूम आणि त्यानंतरचा कायदा यांनी आपल्या देशात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवणूक यांवर बंदी घातली आहे. चोरून विकल्या जाणाऱ्या मालात काय भरले आहे, याची खात्री कोण देणार?

काकांनी सिगारेट सोडली याचे मला कौतुकच वाटले, आणि तसे मी त्यांना सांगितले. जळत्या तंबाखूचा धूर गेला हे खरे. पण निकोटिन राहिलेच. ते नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवते, आणि स्टेंट बसवलेल्या माणसाला ते परवडणारे नाही. शिवाय त्यातील द्रवाची बाटली नातवंडांच्या हाती लागली तर थोडासा घोटही जिवावर बेतू शकतो. घरातील तरुणाच्या खिशात अशी नळी आढळली, तर आकांडतांडव करण्यापूर्वी हे त्याला शांतपणे सांगावे. व्यसनमुक्तीसाठी 1800-11-2356 हा शासकीय क्रमांक विनामूल्य आहे.

अशा रीतीने भाजल्यास पेटते कपडे आणि यंत्र तत्काळ दूर करावे, जखम वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावी आणि रुग्णालय गाठावे. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. काकांची टूथपेस्ट काढताना त्यांना भाजण्याइतकीच वेदना झाली असावी. मधुमेह्यांनी तर लहानशी जखमही अंगावर काढू नये.

वापरातून काढलेल्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलनात द्यावी. देवनारच्या कचराभूमीचा धूर आपण चेंबूरकरांनी पुरेसा सोसला आहे.

काकांची जखम भरायला सहा आठवडे लागले. सध्या निकोटिनचे च्युइंगगम माझ्या देखरेखीखाली हळूहळू कमी करीत आहोत. परवा त्यांनी माझ्या दवाखान्यातील गळका नळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी टेफ्लॉन टेप घेऊन हजर झाले. तो मी त्यांना आनंदाने दुरुस्त करू दिला.